काटशह

क्लीव्हलंडच्या एका थिएटरात
मी लोकांचे कोट सांभाळते.
डोक्यावर पाटी आहे : कोट चेक.
अंगावरचा हिवाळा उतरवून ते माझ्या हातात देतात,
मी त्यांना पितळी बिल्ला देते
आणि ते हलके होऊन आत जातात
दुसऱ्यांचं दुःख बघायला.

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक कोट तपासायची.
खिसे, अस्तर, सैल बटणं.
सांगलीत चेक म्हणजे तपासणंच की!
मिरज रस्त्यावरचा चेकनाका, ताडपत्री वर करून बघणारा हवालदार,
बाईंनी लाल शाईत चेक केलेल्या वह्या.
मॅनेजर डेनिस हसली. म्हणाली, कूमू,
इथे चेक म्हणजे फक्त ठेवून घ्यायचं.
(कुमुदिनी तिच्या तोंडात मावत नाही.)
संशय आणि विश्वास एकाच शब्दात भाड्याने राहतात,
हे पचवायला मला अख्खी थंडी लागली.

मग तो जिकडेतिकडे दिसायला लागला.
अर्जातल्या चौकोनात बरोबरची खूण, ती चेक.
‘एकटे राहता का?’ समोरचा चौकोन
मी अजून कोरा ठेवलाय.
राग आवरायचा, तोही चेक.
महिन्याचा पगार चेक.
वडील चेक लिहायचे तेव्हा ‘अक्षरी रुपये’पासून ‘फक्त’पर्यंत
घरात कुणी बोलायचं नाही,
जणू त्या ‘फक्त’नंतरच आम्हाला श्वास घ्यायची परवानगी.

शेजारच्या खिडकीत फरीदून.
अहवाझला पूल बांधायचा, इथे छत्र्या मोजतो.
नाटक सुरू झालं की काउंटरखालून पट निघतो.
इंग्रजी आमच्या दोघांचीही जुन्या बाजारातून आणलेली,
कोपरात ढगळ, खांद्यात घट्ट.
पण वजीर त्याचाही वजीर.
फक्त माझ्या उंटाला तो हत्ती म्हणतो
आणि आम्ही भांडतो, पाय नसलेल्या लाकडावरून.

एका बुधवारी मी घोडा टेकवला आणि सवयीने म्हणाले : शह.
त्याचा हात हवेतच राहिला.
परत म्हण.
शह.
हा तर आमचा, तो म्हणाला. शाह. राजा.
राजाला सांभाळ, एवढीच ती हाक होती.
मग अरबांच्या जिभेवर बसून, लॅटिनच्या कागदांतून,
फ्रेंचांच्या दरबारातून ती इंग्लंडला उतरली
तेव्हा मुकुट वाटेत कुठेतरी पडला होता.
उरलं : चेक.
पटाच्या चौकटी कापडावर गेल्या,
कापड खजिन्याच्या टेबलावर पसरलं,
आणि राजाचं नाव शेवटी पैशाच्या कागदाला चिकटलं.

आणि मात? मी विचारलं. मेला ना?
नाही. तो म्हणाला. पटावर राजा मरत नाही.
निरुपाय होतो. जायला जागा उरत नाही.
मी त्याला सांगितलं,
पटावरच्या चौकोनाला मराठीत ‘घर’ म्हणतात.
तो बराच वेळ एक प्यादं बोटांत फिरवत बसला.
आत टाळ्या वाजल्या.
आम्ही पट तसाच गुंडाळला, डाव सोडून.

रात्री साडेअकराला कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये
चौकडीचं मेणकापड, दोन कॉफ्या, एक पाय.
सरोवरावरचा वारा दाराला धडका देत होता.
पोरगी आली, कपांच्या मधोमध
एक चिठ्ठी पालथी ठेवली
आणि म्हणाली, चेक.

दोघांचे हात एकदमच पडले.
त्याचा आधी. शह, तो म्हणाला.
मी चिठ्ठीचं टोक धरलं : काटशह.
पाहुण्याने पैसे द्यायचे नसतात, तो म्हणाला.
इथे पाहुणं कोण आहे? मी म्हणाले.
पोरगी जांभई देत उभी.
मग त्याने खिशातून सुट्टी नाणी काढली,
एकेक चौकोनात एकेक ठेवत गेला,
बोटं थोडी थरथरत होती,
आणि मी माझा हात
हळूच मागे घेतला.