सत्तावीस मेगाहर्ट्झ

फरवानियाच्या खोलीत, खालच्या बंकखाली
माझे अकरा राक्षस.
शुक्रवारच्या बाजारातले, अर्ध्या दिनारला एक.
शेपूट तुटलेला समुद्रसरडा,
तीन डोळ्यांचं वटवाघूळ,
आणि एक, ज्याचा सिनेमा
विकणाऱ्यालाही आठवेना.

सेलच्या कप्प्यात पांढरी बुरशी असते.
ती मी व्हिनेगरनं काढतो, जुन्या टूथब्रशनं.
दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणारा हात,
त्याला वायरींचं मन कळतं.
वरच्या बंकवरून शाजी म्हणतो,
सोनं घे वेड्या, सोनं.
हर्षदा फोनवर हसते:
यातला एखादा सुट्टीवर येतो का रे घरी?

परवा रात्री एसी बंद पडला
आणि चालूच राहिलेल्या सरड्यानं
मान वळवली.
रिमोट तर माझ्या उशाशी,
सेल काढलेला.

म्हणजे भिंतीपलीकडे कुणीतरी
त्याच लहरीवर
आपला राक्षस चालवत होतं.

कोण, ते बघायला गेलो नाही.
अंधारात चाचपून सेल घातले,
डावीकडचं बटण दाबलं.
दोनदा.

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं.
मग हसू.
पोराचं नव्हे,
चांगलं घोगरं, मिशीतलं.