हरकत

सोसायटीनं अर्ज केलाय महापालिकेला:
धुरानं बाल्कनीतले कपडे काळवंडतात,
लेकरं दचकतात, मसणवटा हलवावा.

झेरॉक्स मीच काढून आणली
बीड बायपासवरून, दोन रुपये पान.
गेटवर असतो मी.
बाप माझा तिथंच जळाला, सुखनेच्या काठी,
तेव्हा ह्या लिफ्टच्या जागी
आमची करडई होती, कंबरेएवढी, काटेरी.
कुणाचीच हरकत नव्हती.

परवा रात्री सातव्या मजल्यावरचे बारसकर सर गेले.
पोरगा पुण्याहून निघालेला,
बाकीचे मोबाइलात शोधत बसलेले.
सेक्रेटरी खाली आले, अनवाणी.
"लिंबाजी, ते... जवळ कुठंय रे?"

मी बॅटरी घेतली.
लाकडं नामदेव सुताराच्या वखारीत,
गवऱ्या शेवंताकाकूच्या पडवीत.
झोपेतून उठून तिनं पाटी भरून दिली,
कोण गेलं एवढंच विचारलं,
आणि मला सरांचं पहिलं नाव सांगता येईना.

सकाळी धूर इकडंच वळला.
दुसरा मजला, चौथा,
सातव्यापाशी जरा रेंगाळला.
खिडक्या कुणी लावल्या नाहीत त्या दिवशी.

अर्ज मागं घ्यायचं अजून कुणी बोललेलं नाही.
पोचपावती माझ्याच खिशात आहे,
घडी पडून पडून
शिक्का पुसट होत चाललाय.