पुलापलीकडची हिरवी

फेब्रुवारीतल्या तापानंतर वडिलांना वास येईनासा झाला.
कॉफी नुसती कडू, पाव नुसता मऊ,
करपलेलं दूध दिसतं, कळत नाही.
चाळीस वर्षं तळघरात पिंपांशी नाक लावून जगलेला माणूस
सवयीनं पेला हुंगतो
आणि गुपचूप खाली ठेवतो.

आज रविवार. व्हालेन्साहून पूल ओलांडून तुईला आले,
घड्याळ एक तास पुढे सारत.
आमच्याकडे नदी ओलांडली की वेळ बदलते,
सासर कायम माहेरापेक्षा तासभर मागं.
पिशवीत बेल्मिरूची बाटली,
लग्नात वडिलांनी जिला चारचौघांत
लिंबू-सोडा म्हटलं होतं, तीच.

"दोन्ही ओत, दोरिंदा. माझी आणि तुझ्या नवऱ्याची.
मी जीभ लावतो, तू नाक हो."

नाक कसं व्हायचं?

तुमची म्हणजे, बाबा, आधी पीच,
पण पिकून गळणारा नव्हे,
सालीवर लव असलेला, दाताखाली कचकन तुटणारा.
मग लिंबाची साल नखानं खरवडल्यावर
बोटांना दिवसभर राहतं ते.
आणि सगळ्यात शेवटी तो ओला खांब.
"कुठला खांब?"
वेलीच्या मांडवाचा, ग्रॅनाइटचा. पाऊस थांबला की
मी चाटायची, आई ओरडायची.
वडील हसले. घोट गालात फिरवला.
"खारट. एवढं उरलंय अजून. जबड्याच्या मागं, दोन्हीकडं."
जरा थांबून, "जड आहे. बसते जिभेवर."

बेल्मिरूची धड बसत नाही कुठंच.
पाणीदार, हिरवट,
मुंगीसारखे बारीक चिमटे काढते टोकाला
आणि पळते.
लॉरेलचं पान चुरगाळावं, शेजारच्या अंगणात
संत्र्याला मोहर असावा, तसा वास,
आणि कच्चं सफरचंद, बिनमिठाचं.
दात आंबतात.
दुसरा घोट घ्यावासा वाटतो
कारण पहिला कसा होता तेच आठवत नाही.

हे शेवटचं मी मुद्दाम टाकून बोलले, माहेरच्या तोंडानं.
तिकडं घरी कपडे वाळत घालून झाले की
भाजलेल्या सार्डिनसोबत, उन्हात, उभ्याउभ्या
मी हीच पिते,
आणि तुमची कपाटात असते, पाहुण्यांसाठी.
हे नाही बोलले.

"आता डोळे मिटतो. पेले फिरव."

फिरवले. मेणकापडावर दोन ओली वर्तुळं
एकमेकांत शिरली.
त्यांनी पहिला ओठाला लावला. दुसरा. पुन्हा पहिला.
म्हाताऱ्या गालाचा स्नायू हलला.
"ही. ही माझी."
कशावरून?
"तोंडाला पाणी सुटलं."

त्या पेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटले होते,
एकेक करून वर येत होते.
ते डोळे उघडतील म्हणून मी हात आडवा धरला.

"बरोबर," म्हणाले.
"बघ. जिभेला विसर पडत नाही. अजून घाल माझी."

ओट्याकडं वळून, त्यांच्याकडं पाठ करून
बेल्मिरूची ओतली, फेस बसेपर्यंत थांबले.
फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा त्यांनी पेला रिकामा केला,
मग आणखी एक,
आणि मला १९८७ च्या गारपिटीची गोष्ट सांगितली,
जी मला पाठ आहे.

निघाले तेव्हा साडेसात झाले होते.
घरी पोचले तेव्हा सातला पाच कमी.
बेल्मिरू दारातच उभा. "काय म्हणाले?"
"लिंबू-सोडा."
त्यानं पिशवीत हात घातला, बाटली उजेडाकडं धरली.
"मग ही रिकामी कशी?"

मी सार्डिन धुवायला घेतल्या.