डोरीनचा उपवास

शेजारचा क्लिफर्ड कंबरेचं हाड मोडून इस्पितळात गेला
आणि जाताना, स्ट्रेचरवरून,
घराची किल्ली माझ्या मुठीत कोंबत म्हणाला,
डोरीनकडे बघ.

डोरीन म्हणजे मासा.
लिंबाएवढी, नारिंगी, शेपटीची झालर एका बाजूने विरलेली.
नाव कुणाचं, ते मी विचारलं नाही.
उमेदीची सगळी वर्षं या माणसानं
आइसलंडच्या पाण्यातून टनांनी कॉड उपसला.
अजून बोटं सरळ होत नाहीत त्याची.

तिसऱ्या दिवशी डोरीन कलंडली.
पोट वर,
एक डोळा छताकडे, एक तळातल्या खड्यांकडे.
खाली जायचं म्हणून शेपूट हलवायची
आणि बूच सुटल्यासारखी पुन्हा वर यायची.

मला मासा बघायला आईने शिकवलं, वेंगुर्ल्याच्या बाजारात.
कल्लो उचल गो, लाल आसा काय बघ.
डोळो बसलेलो नको.
बोट दाबून बघ, खळगो रवता काय.
म्हणजे माशाबद्दलचं माझं सगळं ज्ञान
मासा मेल्यानंतर सुरू होतं.
इथे काचेला नाक लावून मी कल्लेच बघत बसले:
उघडतायत, मिटतायत,
उघडतायत.

दुकानातली निळ्या केसांची मुलगी म्हणाली,
पोटातली हवेची पिशवी बिघडलीय.
तीन दिवस खायला काही नाही.
बादलीत वेगळं पाणी, कोमट नाही, नुसतं गारठा मोडलेलं,
त्यात चमचाभर एप्समचं मीठ.
चौथ्या दिवशी एक वाटाणा. उकडून. साल काढून.

आमच्याकडे मासा आणि मीठ जवळ आले
की मागोमाग हळद येते.
मी हात आवरला.

आणि उपवास!
सोमवार, गुरुवार, संकष्टी
आम्ही माशाचा उपवास धरतो म्हणजे मासा सोडतो.
इथे मासाच उपवास धरून बसलेला
आणि मी पहारा देतेय, कुणी पारणं मोडू नये म्हणून.

रात्री फॅक्टरीत मिनिटाला अकरा तुकडे लावते ट्रेमध्ये,
हॅडॉकचे, पांढरे, बिनकाट्याचे.
त्यांचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही.
पहाटे ग्रिम्सबीच्या गोदीवर सीगल कोकलत असतात,
मी क्लिफर्डच्या मोरीत तीनदा हात धुते,
लिंबू चोळते, पुन्हा हुंगते.
तिच्या लांबच्या नातलगांचा वास
बादलीपर्यंत जाऊ नये.

दुसऱ्या रात्री वाटलं, संपलं.
फरशीवर बसले, कोटासकट.
बादलीपाशी काय बोलतात ते मला माहीत नाही.
मी आपली गिऱ्हाइकासारखीच बोलले:
ताजी दिसतेस गं.

चौथ्या दिवशी वाटाणा.
साल निघता निघेना, नखात हिरवं गेलं.
चुरा करून सोडला.
तिने घेतला. थुंकला.
पुन्हा घेतला.
पुन्हा थुंकला, मेली.
मग मी पाठ फिरवून किटली लावली
आणि वळून बघते तर पाण्यात हिरवं काही नव्हतं.

फोनवर क्लिफर्ड बराच वेळ गप्प.
मागे वॉर्डातली ट्रॉली खडखडत गेली.
मग म्हणाला, वाटाणा डब्यातला की फ्रोझन?
फ्रोझन, म्हटलं.
हं, म्हणाला. डब्यातल्यात साखर असते.
आणि ठेवून दिला.

उरलेल्या पाकिटाची उसळ केली, खोबरं घालून.
खाताना लक्षात आलं, आठवडाभर घरात मासा शिजला नाही.
ठरवलं नव्हतं.
शनिवारी आणीन बहुतेक. बांगडा मिळाला तर.

डोरीन अजून तिरकीच पोहते,
वाऱ्यात छत्री धरल्यासारखी.
मी काचेपाशी बसते, मान तिच्या बाजूला टाकते.
तेवढ्यापुरती ती सरळ असते,
खोलीच काय ती कललेली,
आणि क्लिफर्डची रिकामी खुर्ची
भिंतीवर चढत गेलेली.