दगडफूल, अंतिम, सातवी प्रत

वर्क्सवर्थच्या चर्चमागं जुनी दफनभूमी आहे.
तिथले दगड घासून स्वच्छ करू नयेत
अशी पाटी हवी होती समितीला.
हिलरी टनिक्लिफ बाई फोनवर म्हणाल्या,
मेलेल्यांबद्दल लिहून झालंय. या वेळी
त्यांच्यावर जे जगतंय, त्याला बोलू द्या.
आणि बजेट सांगितलं. दोनशे चाळीस पौंड.

रसायन शिकवून निवृत्त झालेले ग्रॅटन
ओल्या गवतात गुडघे टेकून बसले,
खिशातून भिंग काढलं.
इतकं जवळ जा, की तुझा श्वास त्याला लागेल.
केशरी, राखी, अंड्याच्या बलकासारखं,
काठाला मुरड, करंजीला घालतात तशी.
लायकेन, ते म्हणाले.
मी म्हणाले, दगडफूल.
आमच्याकडे मसाल्यात घालतात.
ते उठले, आणि सहज आल्यासारखे
माझ्या नि कबरीच्या मधे येऊन उभे राहिले.

खोलीवर येऊन फाइल उघडली.
पहिल्या प्रतीत त्याला डोळे काढले.
दुसरीत तोंडातून फुगा: कृपया मला खरवडू नका.
स्नेहसंमेलनात झाड झालेल्या मुलासारखं दिसत होतं ते,
घामेजलेलं, वाक्य विसरलेलं.
डिलीट.
तिसरीत हिरवा रंग. ते हिरवं नाहीच मुळी.
चौथी हिलरीबाईंना फार आवडली,
त्यावरूनच कळलं, चुकतंय.

परत गेले, एकटी.
कोपऱ्यातला एक दगड, एलायझा की लायझा,
पहिलं अक्षर त्यानं खाल्लेलं.
पाय बधिर होईपर्यंत बसले तेव्हा दिसलं,
ते कुठंही उगवत नाही.
पाथरवटानं अक्षराला जिथं टोक दिलं,
छिन्नी जिथं केसभर जास्त रुतली,
तिथं पाणी घटकाभर जास्त थांबतं.
ते तिथून सुरू करतं.
म्हणजे वाचतं की ते,
फक्त डावीकडून नाही,
ओलीकडून.
देवनागरी असती तर
आधी शिरोरेषेवर पसरलं असतं,
मग कान्याकान्यानं खाली.
अनुस्वाराच्या खळग्यात तर
कधीच घर केलं असतं.

मग मी काही काढलंच नाही.
फॉन्टला दोनच गोष्टी शिकवल्या:
पाणी कुठं थांबतं,
आणि वर्षाला अर्धा मिलिमीटर.

पाटी लायब्ररीतल्या स्क्रीनवर लागली.
लोक दोन मिनिटं उभे राहतात,
काउंटरवर जाऊन सांगतात, हँग झालाय.
एक मुलगा बोटाला थुंकी लावून पुसून बघतो.
हिलरीबाई विचारतात, जरा वेग वाढवता येईल?
आणि साडेपाचला मर्विन, शिस्तीचा माणूस,
मेन स्विच बंद करून घरी जातो.
सकाळी सगळं पुन्हा शून्यावर.
मला हे कळलं अकरा महिन्यांनी.
अकरा महिने, रोज नवं, एका दिवसाचं दगडफूल.
एका दिवसात किती वाढतं, मोजलं मी.
एक पिक्सेलसुद्धा भरत नाही.

मधे कधीतरी ग्रॅटनना मसाल्याच्या डब्यातलं
चिमूटभर पाठवलं होतं, त्या दिवसाची माफी म्हणून.
त्यांचं पत्र आलं, शाईचं, शिक्षकी अक्षर.
कोरडं पडलं की हे थांबतं.
मेलंय की थांबलंय
ते ओल दिल्याशिवाय कळत नाही.
तुझं हे फार काळ कोरडं आहे, फार आशा नको,
तरी बशीत ओला टिपकागद घालून
खिडकीत ठेवलंय.

पत्र टेबलावर तसंच ठेवून फाइल उघडली.
सातव्या प्रतीत एकच ओळ जास्त आहे:
थांबलं होतंस, तिथून.

आता साडेपाच होतील. मर्विन दिवे घालवत असेल.
ग्रॅटननी अजून काही कळवलेलं नाही.