तीस सेकंदांचं मीठ

कुष्टामामा म्हणाला, जाहिरात कर,
पुड्यातल्या मिठानं माझं मीठ बुडवलं.
मी म्हटलं, करतो की. फोन आहे.
फोन आहे म्हणजे सगळं आहे
असं वाटायचे दिवस होते.

आगरवाड्यात भर दुपारी बारा वाजता
बांधावर उभा राहून मी मिठागर टिपलं,
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
भिंतीला चुना मारावा तसं.
मग ढिगावर झूम. मग बाहेर. मग पुन्हा आत.
मामाला इस्त्रीचा शर्ट घालून उभा केला,
त्याच्या तोंडी वाक्य दिलं,
"आमचं मीठ, गोव्याची शान."
नऊ वेळा म्हणाला बिचारा.
दहाव्या वेळी शानच्या आधीच शिंक आली,
तीच तेवढी खरी वाटली.

संध्याकाळी मिलाग्रीनच्या ओट्यावर दाखवलं.
चाळीस वर्षं ती मामाच्याच मिठात बांगडे खारवते.
तिनं पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
"मीठ खंय?" म्हणाली.

खरंच, मीठ नव्हतं.
मिठाच्या जागी पांढरं भोक होतं.
शापोरा नदी एका बाजूला कलंडलेली,
आता सांडेल कुणाच्या तरी अंगणात,
आणि मामाच्या आवाजाच्या जागी वारा,
पोत्यात तोंड घालून कुणी ओरडावं तसा.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेलो.
ऊन तिरपं होतं, बांधावरून सरपटत येणारं.
आता दाण्यादाण्याला सावली होती.
(मिठाला सावली असते
हे इतकी वर्षं जेवताना कळलं नव्हतं.)
खारट बोटांचं धुकं काचेवरून पुसलं.
झूमला हात लावला नाही,
पायांनी जवळ गेलो, चिखलात घोट्यापर्यंत.
पडद्यावर बोट दाबून उजेडाला कुलूप घातलं,
नदी सरळ केली,
कोपर बरगडीला टेकवलं
आणि मनात दहापर्यंत मोजायला लागलो.
चारला वाटतं, झालं.
सहाला अंगठा वळवळतो.
आठाला

मामा विसरला की मी आहे.

त्यानं फळी ओढली.
पाण्याखालून मीठ कडेला येताना एक आवाज होतो,
दात न लावता कुणी पापड मोडावा तसा.
तो मी दुसऱ्या फोनवर घेतला,
पोत्याच्या आडोशाला, वाऱ्याला कळू न देता.
शर्ट बांधावर पडलेला.
टाचांच्या भेगांत मीठ.
शान वगैरे कुणी काही बोललं नाही.

राहिला नंबर.
पहिल्या जाहिरातीत तो दोन सेकंद चमकून गेला होता,
पेन सापडेपर्यंत गडप.
मिलाग्रीनला मोठ्यानं वाचायला लावला तर नऊ सेकंद.
तीसातली नऊ गेली. जाऊ देत.
मामानं ढिगाचा माथा तळव्यानं सपाट केला,
बोटानं दहा आकडे लिहिले,
तिसरीतल्या पोरासारखे, जीभ बाहेर काढून.
मी थांबलो.
सातव्या सेकंदाला एक शेकाट्या
लाल काटकुळे पाय उचलत आला
आणि शेवटच्या एकावर पाय देऊन गेला.
एकाचा सात झाला.
तिथं कापायला हवं होतं.
कापलं नाही.

आता सांग्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना
दिवसाला चार-पाच फोन येतात, मीठ आहे का म्हणून.
वैतागून त्यांनी जाहिरात शोधली,
पाखरू येण्याआधीचा आकडा वाचला,
मामाला फोन लावला.
मामा भांडण ऐकायच्या तयारीत.
त्या म्हणाल्या, दहा किलो ठेवा.
आणि तो लाल पायांचा कोण?

मामा म्हणाला, आमचाच आहे.
रोज येतो. पगार घेत नाही.