छापील सही

चार वर्षं तेजल जायची.
अहवाल, फोटो, दिवाळीचा डबा,
मार्च संपायच्या आत एक गोड स्मरणपत्र.
मी बेलापूरच्या ऑफिसात धोरण आखत होते,
बाणांनी भरलेला फळा, पुसायला मनाई.
खीमजीभाई देढियांचा चेक आधी पूर्ण आला,
मग अर्धा,
मग आमच्या शुभेच्छांना नुसता अंगठा.

विश्वस्त म्हणाले, आता तू जा.
प्रमुख तूच ना?
साधंच विचारलं होतं. लागलं मात्र.

वाशीच्या मसाला मार्केटात
आधी घसा पोचतो, मग माणूस.
ब्याडगी, गुंटूर, छतापर्यंत पोती,
हमालांच्या तोंडावर ओले रुमाल.
मी खोकत, फाइल छातीशी धरून
त्यांच्या गादीसमोर उभी, डोळ्यांना धार.
"पहिल्यांदा येणारा इथे रडतोच," म्हणाले,
आणि गुळाचा खडा पुढे केला.

मी लॅपटॉप उघडणार, तेवढ्यात
त्यांनी कपाटातून लाल कापडाची वही काढली.
आमची सगळी पत्रं, तारखेवार, टाचणी लावून.
सोळा.
प्रत्येकाखाली मी.
एक पत्र उलटं करून त्यांनी मागून बोट फिरवलं,
नोट खरी आहे का बघावी तसं.
"मागे उमटत नाही," म्हणाले. "छापलेली आहे."

मग एक फोटो. उलव्याची साइट,
पाळणाघराच्या पत्र्याला टेकलेली मुलगी,
एका पायात चप्पल,
दुसरा पाय त्याच पायावर.
"हिचं काय झालं?"

उत्तरं होती माझ्याकडे.
एकशे बारा मुलं, चार केंद्रं, वजनाचा चढता आलेख.
"मजेत आहे ती" हेही जिभेवर आलं,
गुळाइतकंच सहज.
मी म्हणाले, माहीत नाही.
इमारत उभी राहिली की आमचं पाळणाघर उठतं,
आईबाप दुसऱ्या टॉवरच्या पायाशी जातात,
तळोज्याला, पनवेलच्या पलीकडे, कधी थेट विजापूरला.
नावही आठवत नव्हतं.
तेही सांगून टाकलं.

बराच वेळ गप्प.
फोन वाजला, घेतला नाही.
मग उठले, गुडघा धरत,
एका पोत्याच्या पोटात टोकदार नळी खुपसली
आणि तळहातावर काढलं आतलं:
बिया, देठ, जराशी माती.
"वरची मिरची सगळेच चांगली ठेवतात, बेन."

रक्कम मी मागितली नाही.
विसरले नव्हते.
चहा झाला, दुसरा झाला.
सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, भुजला.
गुडघ्याचं ऑपरेशन टाळतायत.
वडील मस्जिद बंदरच्या गोदामात पोत्यांवर झोपायचे
आणि पाच वर्षांचे हे, त्यांच्या बगलेत,
सकाळी अंगभर धण्याचा वास.

परत येऊन तेजलला सगळं सांगितलं, शोध लागल्यासारखं.
ती ऐकत राहिली.
"गुडघा डावा," एवढंच म्हणाली.
तिला ठाऊक होतं, सून, गोदाम, धणे.
चार वर्षं मी तिला फक्त आकडा विचारला होता.

बैठकीत खजिनदार: किती?
अजून मागितले नाहीत.
कुणीतरी पेनाचं टोपण काढलं, लावलं,
पुन्हा काढलं.

शनिवारी रात्री नेरूळला, जेवणाच्या टेबलावर,
शाईचं पेन सापडेपर्यंत साडेअकरा.
लिहिलं:
तिचं नाव रेणव्वा. जुन्या मुकादमाने सांगितलं.
कुठे आहे ते अजून कळलेलं नाही. शोधतेय.
पुढच्या वेळी तेजल आणि मी, दोघी येऊ.

सही केली. कागद उलटा धरला, बोट फिरवलं.
उमटलीय.
फाइल मिटली, दिवा घालवला,
झोपाळलेला डोळा त्याच बोटाने चोळला
आणि फाइलवरची आठवड्याची मिरची
अंधारात
झणझणून उठली.